सैल जुडी

ओल्या सांबाराचा वास एकदा बोटांत शिरला की साबणाने धुवा, मातीने घासा, दोन दिवस हटत नाही. कोथिंबिरीला आम्ही वाशीमकडची माणसं सांबार म्हणतो. फाल्गुन सरत आला की विहिरीच्या पाण्यावर पोसलेला तो शेवटचा वाफा सकाळच्या गारव्यात असा काही दरवळतो, की उन्हाळा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन उभा आहे हे मनाला खरंच वाटत नाही. आणि त्या वासाबरोबर दर वर्षी मला माझी उशिराची लेक वेणू दिसते, ओसरीत पाय मुडपून बसलेली, मॅट्रिकच्या परीक्षेतली, रडून डोळे सुजलेली.

मी चौथी शिकलेला मळेवाला. गोड बोलणं मला साधत नाही, आणि साठी ओलांडल्यावर आता शिकायचंही नाही. म्हणून सरळ लिहितो. वेणूची माय, गंगा, त्याच वर्षी कार्तिकात गेली. तापाचं निमित्त झालं. उद्या नेऊ दवाखान्यात, उद्या नेऊ, असं म्हणत दोन दिवस मीच घालवले. तिच्यामागे घर एकाएकी इतकं मोकळं झालं की दिवेलागणीला दाराशी उभं राहिलं तरी आत कुठे जावं ते कळत नसे. आणि गंगा जे जे करी ते सगळं न बोलता वेणूच्या अंगावर येऊन पडलं: चूल, पाणी, भांडी, आणि वर ते पुस्तक. सकाळी शाळेला निघताना तिला उलटी होऊ लागली. एकच पान ती दहादा वाची, आणि नखं कुरतडून बोटांची टोकं लाल करी. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. दुखवट्याला रिठदहून आलेली माझी मोठी बहीण मुक्कामालाच राहिली होती. तिच्याकडे उपाय तयार होता.

“पोरीले शाळंतून काढ. बिनमायची पोर, उद्या जाईन लोकाच्या घरी. तुले का कलेक्टरीन बनवाची हाय तिले?”

“बनवाची हाय,” मी म्हणालो. “अन् तवर भाकरी मी थापतो.”

“लोक हासतीन तुले!”

“हासू दे. त्याइले फुकट करमणूक.”

लोक हसले. माझी भाकर एकीकडे करपे, दुसरीकडे कच्ची राही, आणि तिचा आकार पृथ्वीतलावरच्या कुठल्याच वस्तूशी जुळत नसे. विहिरीवरच्या बाया पदराआड खुसुखुसु करत, बहीण कपाळाला हात लावी. मी थापत राहिलो. हसण्याने कुणाची भाकर करपत नाही, ती आपल्याच बेसावधपणाने करपते, एवढं मला चुलीने शिकवलं. आणि वेणूने माझी ती वाकडी भाकर एकदाही ताटात टाकून दिली नाही.

परीक्षा लागली. पहिले दोन पेपर बरे गेले. तिसऱ्या दिवशी गणित होतं. शहरातून मळ्याकडे येणाऱ्या पायवाटेवर पळस अंगभर पेटलेले, जमिनीतून वाफा निघत होत्या, आणि त्या रखरखीत उन्हातून वेणू एकटी येताना मला लांबूनच तिच्या चालीवरून सगळं कळलं. आली तशी कंपासपेटी कोपऱ्यात भिरकावली.

“बाबा, मी उद्या जात नाही.”

“काहून?”

“मले काहीच नाही आलं. अर्धा पेपर कोरा ठेवून आली मी. आता का फायदा?”

दाराआड बहिणीच्या बांगड्या वाजल्या. बीजगणित मी पाहिलेलं नाही, ते काळं की गोरं. शेजारी ओल्या पोत्याखाली दुसऱ्या दिवशीच्या बाजाराचा सांबार कापून ठेवला होता. मी तो ढीग ओढून तिच्यापुढे टाकला, बांधायला केळीच्या सोपटाच्या, खोडाच्या सालीच्या, भिजवलेल्या पट्ट्या ठेवल्या.

“जुड्या बांध.”

“बाबा, माही परीक्षा चालू हाय!”

“मले मालूम हाय. बांध.”

रागारागात तिने पहिली जुडी बांधली. सैल, तिरपी, अर्ध्या काड्या बाहेर. ती सोडायला तिचा हात गेला, आणि माझाही गेला. जन्मभर मी तेच करत आलो होतो. मनासारखी झाली नाही की उकल, पुन्हा बांध, पुन्हा उकल. त्या ओढाताणीत देठ मोडतात, पानं चुरगळतात, बाजारात पोचेपर्यंत काळी पडतात. गंगा माझ्या हातावर चापट मारी. “उकलू नोका जी. ठेवा तळाशी, पुढची घट्ट बांधा.” मी तिला आळशी म्हणत असे. आयुष्यभर म्हटलं.

आमच्या दोघांचे हात त्या जुडीवर थबकले.

“मायनं मारलं असतं तुमाले,” वेणू म्हणाली, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा हसली. जुडी तिने टोपल्याच्या तळाशी ठेवली. दुसरी बांधली, तिसरी बांधली. हळूहळू तिचे खांदे खाली आले, श्वास लांब झाला, आणि प्रत्येक गाठीबरोबर ती पुटपुटू लागली. कान दिला तर तो दुसऱ्या दिवशीचा इतिहास होता.

सकाळी तिला उलटी झालीच. चूळ भरून ती निघाली. डोक्यावर टोपलं घेऊन मी शाळेच्या फाटकापर्यंत सोबत गेलो, तेव्हा तिच्या बोटाला सोपटाची एक पट्टी गुंडाळलेली दिसली.

गणितात ती नापास झाली. लिहायला मला लाज नाही. घरी परतलेल्या बहिणीने रिठदहून निरोप धाडला, “सांगतलं होतं मी.” मी उलट निरोप धाडला, “ऑक्टोबरात पुन्हा बसते ती, म्हना.” आणि ती बसली. मधल्या महिन्यांत दुपारी जुड्या, मग पुस्तक; भीती गेली नाही, पण भीतीला घरात बसायला जागा उरली नाही. पास झाली.

आता ती अकोल्याला मास्तरीण व्हायला शिकते आहे. परवा कार्ड आलं: “बाबा, कालचा पेपर बिघडला. तळाशी ठेवला.” ओसरीत एकटा बसून मी ते वाचलं. लोक मला सांगतात, गंगाला विसरा आता, झालं ते झालं. मी त्यांचं ऐकत नाही, ऐकणारही नाही. त्या दोन दिवसांची जुडी मी तेव्हापासून सोडतो आहे आणि बांधतो आहे, आणि माझी बोटं काळी झाली आहेत.

पण कार्ड हातात असताना एक गोष्ट आठवली, जी इतक्या वर्षांत ध्यानात आली नव्हती. सैल जुडी गंगाने कधी फेकली नाही. तळाशी ठेवून ती सगळ्या टोपल्याबरोबर डोक्यावर वाहून नेई, आणि संध्याकाळी न विकता परत आलेली ती मलूल जुडी चिरून आमच्याच वरणात टाकी. त्या वरणाचा वास सगळ्या मळ्यात जाई.

आज चूल पेटवली आहे. सांबार चिरायचा आहे.