घमेल्यातले आठ गिअर

जिजा भोयेला अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा सलग नऊ दिवसांची रजा मिळाली, तीही खोटं लिहून. अर्जातल्या कारणाच्या रेघेवर तिने आधी ‘सायकल प्रवास’ असं लिहिलं होतं. अर्ज घेणाऱ्या हर्षालीने ते वाचलं आणि पेनाला टोपण लावून टाकलं.

“सिस्टर, खरं कारण लिहा ना.”

“हेच खरं आहे.”

“लग्नबिग्न नाही का कुणाचं जवळपास?”

जिजाने भावकीतलं लग्न लिहिलं. अर्ज त्याच दुपारी मंजूर झाला.

ती जामसरच्या बाजूला एका उपकेंद्रात परिचारिका आहे. वय बेचाळीस. जन्म वांगणीचा. लहानपणी ती चालत आश्रमशाळेत गेली, मग लग्न होऊन चालत सासरी गेली आणि दोन वर्षांनी चालत परत आली. नोकरी लागल्यावर पाड्यांमध्ये फिरायला तिने सायकल घेतली. पण सायकलवरून जिथे जावं तिथेही रस्त्याच्या टोकाला काहीतरी काम बसलेलं असायचं. बाळंतीण, लसीचा डबा, रजिस्टर. एखाद्या रस्त्याने नुसतं जावं आणि पलीकडे कुणी आपली वाट बघत नसावं, एवढंच तिला हवं होतं. हे कुणाला सांगितलं की समोरचा विचारायचा, “पण कशाला?”

मार्ग तिने दोन वर्षांपूर्वीच ठरवला होता. मोखाड्याहून तोरंगण घाटाने त्र्यंबक, नाशिक, वणी, सापुतारा, मग डांगात उतरून धरमपूरवरून परत जव्हार. मुक्काम शक्यतो नात्यातलं कुणी नसेल अशा गावात. अडलं होतं ते गिअरवर.

तिची आधीची सायकल साधी गिअरवाली होती. मागच्या चाकाला सात चक्र्या आणि साखळी एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारा, खाली लोंबणारा डिरेलर. एकदा ती सायकल जीपच्या टपावर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बांधून आणली. उतरवली तेव्हा डिरेलरचा हात आत वाकला होता, ते जिजाला दिसलं नाही. पुढच्याच चढावर तिने हलका गिअर टाकला आणि डिरेलर चाकात घुसला. आरे तटातट तुटले. लसीचा डबा खांद्याला लावून ती उरलेले सात किलोमीटर चालली.

तेव्हापासून तिला हब हवा होता. हबच्या सायकलीत सगळे गिअर मागच्या चाकाच्या मधोमध, बंद डब्यात असतात. बाहेर काही लोंबत नाही, आत चिखल जात नाही. चढावर म्हशी आडव्या आल्या आणि थांबावं लागलं तर उभ्या उभ्या गिअर हलका करता येतो. डिरेलरचं तसं नाही, पायडल फिरल्याशिवाय तो हलत नाही. नाशिकच्या एका माणसाकडून तिने आठ गिअरच्या हबची जुनी सायकल घेतली. तिची एक खोड होती. गिअर बदलताना क्षणभर पाय सैल सोडावे लागत, आणि चढावर पाय सोडले की सायकल जागीच उभी राहायची. जिजाने दोन महिने जव्हारच्या चढांवर तो क्षण आखूड करत नेला. शेवटी बोट हलायच्या आधी पाय आपोआप उचलले जाऊ लागले.

तिच्या धाकट्या भावाला, जगनला, हे सगळं पटत नव्हतं. मोखाड्याच्या बाजारात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे.

“बाय, हा डबा बंद पडला तं डांगात कोण उघडील? तिथला मिस्त्री दगड घालील त्याच्यावर.”

“बंद पडत नाय तो.”

“सगळं बंद पडतं. माणूस बंद पडतं. तू तं नर्स हायस, तुला माहीत पायजे.”

“आणि तुझा तो लोंबता? टपावर टाकला की वाकतो.”

“वाकला तं पान्याने सरळ करायचा. समोर दिसतो तं खरा. डब्यात काय चाललंय कुणाला ठावं?”

“तुला उघडता येत नाय, म्हणून तुला तो नको.”

जगन हसला नाही. त्याने हातातली ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे शोधत बसला.

रजा शनिवारपासून होती. मंगळवारी जिजाने ब्रेकचे रबर बदलायला आणि टायर बघायला सायकल त्याच्याकडे ठेवली. शुक्रवारी दुपारी सामानाची पिशवी घेऊन ती जीपने मोखाड्याला उतरली.

सायकल दुकानाबाहेर उभी होती. पुसलेली, तेल दिलेली. मागचं चाक दुसरंच होतं. त्यावर सात चक्र्या होत्या आणि चाकाच्या आसाला पत्र्याचा पंजा आवळून त्याला डिरेलर टांगलेला होता.

दुकानात जगनची बायको चैती एकटीच बसली होती.

“कशी चकचकीत केलीय बघा, वन्सं. तीन दिवस धड जेवला नाय तुमचा भाऊस.”

“माझं चाक कुठंय?”

“चाक वर टांगलंय.” चैती थांबली. “पोटातलं खाली हाय. माझं चांगलं घमेलं गेलं त्यात.”

तिने फळीखालून गोणपाट बाजूला केलं. घमेल्यात काळं रॉकेल होतं आणि त्यात दातेरी चाकं, कड्या, केसासारख्या स्प्रिंगा, छर्रे. जिजाने बोट घालून एक चाक वर काढलं. ते नखाएवढं होतं. त्याचे दात सगळे शाबूत होते.

जगनची चूक त्याच्या धंद्याची होती. साध्या सायकलचं चाक उघडलं की सगळं घमेल्यात टाकायचं, वर रॉकेल ओतायचं आणि हलवायचं. छर्रे सगळे सारखे, कुठलाही कुठेही बसतो. पंचवीस वर्षं तो असंच करत आला होता. हबच्या पोटात कुठलाच तुकडा दुसऱ्याच्या जागी बसत नाही, हे त्याला घमेलं हलवून झाल्यावर कळलं. फोन सगळा वेळ खिशात होता. त्याने एकही फोटो काढला नव्हता.

तो आला तेव्हा जिजा घमेल्यासमोर उकिडवी बसलेली होती.

“का उघडलास?”

“तूच बोललीस ना.”

“उघड असं बोलले नव्हते.”

“उघडता येत नाय असं बोललीस.”

“मला एक फोन करायचा.”

“काय सांगू फोनवर? सांडलं म्हणून?” त्याने कपाळ पुसलं, कपाळाला काळा पट्टा उठला. “पण ही बी चांगली हाय, बाय. आईशपथ. ही कुठंही दुरुस्त होईल. तुला अडलं तं मी फोनवर सांगीन.”

जिजाला हेच सहन होत नव्हतं. आयुष्यभर तिला न मागितलेल्या गोष्टी मिळाल्या होत्या, आणि प्रत्येकीबरोबर ती कशी चांगली आहे याचं कारणही मिळालं होतं. सासर चांगलं होतं. बदलीचं गाव चांगलं होतं. दोन वर्षं वाचून, विचारून, पाय दुखवून तिने एकच गोष्ट स्वतः निवडली होती, आणि ती आता भांडी घासायच्या घमेल्यात होती.

तिने फोनवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस कुठल्यातरी परक्या भाषेत बोलत होता आणि त्याचा हब वेगळा होता. ऊन दुकानाच्या पायरीवरून उतरून रस्त्यापलीकडे गेलं. दोन कड्या जुळल्या, तिसरी बसेना. जगन बाजूला बसून एकेक तुकडा पुसून देत होता. तिने मागितला नसला तरी देत होता. शेवटी ती उठली आणि हात धुतले. काळा रंग नखांत राहिला.

ही रजा पुन्हा मिळणार नव्हती. सकाळी सातला ती डिरेलरवाल्या सायकलवर निघाली.

मोरचोंडीपर्यंत ठीक होतं. घाट लागला आणि पायांनी दगा दिला. गिअरच्या खटक्याला बोट लागायच्या आधीच ते सवयीने सुटत होते, आणि पायडल थांबलं की साखळी दोन चक्र्यांच्या मध्ये अडकून करकरत होती. दोन महिन्यांची मेहनत उलटी अंगावर येत होती. त्यात नवी वायर ताणली गेली. तिसऱ्या वळणावर साखळी सगळ्यात हलक्या गिअरवर चढेचना. वाळूचा ट्रक हॉर्न देत अंगावरून गेला, तिला थांबावं लागलं. हब असता तर उभ्या उभ्या गिअर उतरला असता. तिने एका हाताने मागचं चाक उचललं, दुसऱ्याने पायडल फिरवलं. साखळी होती तिथेच राहिली.

तिने दहा मिनिटं फोन हातात धरला. मग लावला.

“वायर मागं जिथं घुसते तिथं गोल नट हाय,” जगन म्हणाला. तो जणू फोनवर हात ठेवूनच बसला होता. “बाहेरच्या अंगाला फिरव. अर्धाच आटा.”

तिने अर्धा आटा फिरवला, चाक उचललं, पायडल फिरवलं. साखळी एका खटक्यात वर चढली आणि आवाज न करता फिरू लागली.

तिला आनंद झाला असता तर बरं झालं असतं. चाक हातात फिरत राहिलं आणि तिची नजर नखांतल्या काळ्या रंगावर गेली.

“झालं ना? म्हटलं नव्हतं मी, फोनवर होतं?”

“जगन्या,” ती म्हणाली, “घमेल्यातलं रॉकेल काढून टाक. सगळे तुकडे कोरडे कर, फडक्यात बांध आणि माझ्या घरी नेऊन ठेव.”

“अगं, मी जोडतो ना. परत येशील तोवर—”

“तू जोडू नको. मी जोडीन.”

“तुला कसं येईल?”

“तुला तरी कुठं आलं?”

पलीकडे चैती विचारत होती, काय म्हणतात वन्सं.

“एक तुकडा पण हरवू नको,” जिजा म्हणाली. “मोजून बांध.” आणि तिने फोन बंद करून पिशवीच्या तळाशी घातला. घाटाची अजून बरीच वळणं बाकी होती. राग उतरायची वाट न बघता ती सायकलवर बसली.