हरणाच्या मांसाशेजारची पत्रे

१० डिसेंबर १९७९, सोमवार. स्मारक समितीच्या खात्यावर त्या दिवशी २१४ डॉलर ३५ सेंट शिल्लक होते, आणि राष्ट्राध्यक्षांच्या जन्मघरात घोट्यापर्यंत पाणी होते. थंडीने नळ फुटला होता.

ओहायोतल्या हॅडली फोर्कने देशाला एक राष्ट्राध्यक्ष दिला. देशाला त्यांचे फारसे काही आठवत नसे, गावाला मात्र सगळे आठवे. त्यांच्या जन्मघराची देखभाल आयडा स्टॉफर करी. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर तिने हे काम धरले होते. घरातली खरी ठेव म्हणजे अध्यक्षांनी तरुणपणी बहिणीला लिहिलेली पत्रे. ओटचे पीक, दुखरी दाढ, उसना आणलेला कोट, असलेच विषय. नवरा गेला त्या हिवाळ्यात आयडाने रोज एक पत्र वाचून दिवस ढकलले होते. तेव्हापासून तो माणूस तिला घरातलाच वाटे.

पत्रांचा कप्पा खालचा होता. सगळी भिजली.

बातमी कळताच चर्चमधल्या बायका केस वाळवायची यंत्रे आणि कपड्यांचे चिमटे घेऊन धावत आल्या. पहिलेच पत्र दोरीवर चढले आणि गरम वाऱ्याने त्याची शाई ओघळली.

"थांबा. सगळ्यांनी हात मागे घ्या," आयडा म्हणाली. तिने कोलंबसला, राज्याच्या अभिलेखागारात फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितले, "वाळवू नका, गोठवा. आज गोठवली नाहीत तर बुरशी धरेल. वसंतात आमच्याकडे आणा, आम्ही वाळवून देऊ. पैसे नकोत."

गोठवायची कुठे? शिकारीचा मोसम नुकताच संपला होता. घरोघरचे फ्रीझर हरणाच्या मांसाने गच्च भरले होते. भिजलेल्या पत्रांचे खोके उराशी धरून आयडा हार्लन विटमरकडे गेली. गावाची हरणे कापून शीतगृहात ठेवायचा त्याचा धंदा.

"जागा नाही, आयडा. बायकोचं आईस्क्रीम बाहेर काढून तिथे हरणाची एक मांडी ठेवलीय. कालपासून ती बोलत नाही माझ्याशी."

"हार्लन, ही गेली तर मी त्या घरात राखायचं काय? पडदे?"

हार्लनने हात पुसले आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन लावायला घेतला. "तुझं हरीण घेऊन जा. शिजव, पाहुणे बोलाव, काहीही कर. अध्यक्षांना जागा हवीय."

एकाने पलीकडून टोमणा मारला असावा. हार्लन म्हणाला, "हो, मेल्यावर मागतायत. जिवंतपणी तुझ्या आजोबांनी मतही दिलं नव्हतं, आता मांडी तरी दे."

दुपारपर्यंत एक फळी मोकळी झाली. मर्ल टिप्टन नावाचा सुतार कुरकुरत निम्मे मांस घेऊन गेला, निम्मे तिथेच ठेवले. त्या आठवड्यात गावाने न्याहारीलासुद्धा हरीण खाल्ले.

हार्लनने पत्रे आधी मेणकागदात आणि मग मांसाच्या पांढऱ्या कागदात बांधली. शिकाऱ्याच्या घरच्या मांसावर कायद्याने मारावा लागतो तो शिक्का त्याने सवयीने प्रत्येक पुड्यावर मारला: विक्रीसाठी नाही. आयडाने पाहिले आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली. "राहू दे. खरंच आहे ते."

फेब्रुवारीत ती पुडे पाहायला गेली तेव्हा एक कमी होता. आदल्या संध्याकाळी मर्ल आपले मांस न्यायला आला होता, आणि पांढऱ्या कागदात सगळे पुडे सारखेच. हार्लनने फोन केला. मर्लची बायको नोरीन म्हणाली, "मर्ल मागे शेडमध्ये आहे. पुडा ना? वितळायला ठेवलाय मी सिंकमध्ये, सकाळीच."

आयडा खोक्यावर बसली. हार्लनने तिला उठवून गाडीत घातले.

टिप्टनांच्या दारात मर्ल उभा होता. हातात मासेमारीची थंड पेटी, आत काठोकाठ बर्फ आणि मधोमध पुडा.

"एवढं हलकं हरीण मी कधी मारलं नाही," तो म्हणाला. "म्हणून सिंकमधून उचलून कोपरा उघडला, तर आत अक्षर. तसाच बाहेरच्या बर्फात पुरला. नोरीनला सांगायचं राहिलं."

"वाचलंस?" आयडाने विचारले.

"एक ओळ. दाढ दुखतेय म्हणत होता बिचारा. मग बंद केलं. दुसऱ्याचं पत्र ते."

आयडाने त्याचा गार पडलेला हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मर्ल ओशाळून बुटांकडे बघत राहिला.

एप्रिलमध्ये पत्रे कोलंबसला गेली आणि उन्हाळ्यात परत आली. कडा लाटांसारख्या वाकड्या झालेल्या, पण एक सोडून सगळी वाचता येण्याजोगी. ज्यांनी ज्यांनी आपले हरीण उचलून नेले होते त्या प्रत्येक घराला आयडाने आभाराचे पत्र लिहिले, पेन्सिलीने, कारण जन्मघरात शाईचे पेन चालत नसे. मर्लचे पत्र सर्वांत लांब झाले. ते आजही नोरीनच्या सिंकवर टाचलेले आहे.

मर्लचा खरा पुडा मात्र सापडला नाही. कोणीतरी तो आपला समजून शिजवला असणार. हार्लनकडून मर्लला दोन पौंड हरणाचे मांस अजून येणे आहे.