इनटेकचं गॅस्केट आणि चाळीचा फळा

मी पत्रकं लिहिते. चाळीच्या पुनर्विकासात कुणाला खोली मिळणार आणि कुणाच्या तोंडाला पानं पुसली जाणार, यावर गेली चार वर्षं काळाचौकीत लिहिते आहे, ओरडते आहे. पत्रकाचा पहिला नियम मला पाठ आहे: 'कदाचित' लिहायचं नाही. कदाचित म्हटलं की समोरचा सुटतो. हा नियम मी ज्याच्यावर सगळ्यात जोरात वापरला तो बिल्डर नव्हता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज चालवणारे काका होते. बाबांबरोबर याच पटांगणात गोट्या खेळलेले.

बाबांची जुनी पेट्रोल व्हॅन आहे. आठवडाभर शाळेची मुलं, रविवारी आमच्या सभांचा भोंगा. भोंग्याची वायर बॅटरीपासून टपापर्यंत मीच नेलेली. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, सीट उचलली की झालं. मागच्या उन्हाळ्यात तिचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी व्हायला लागलं. काकांनी पाहिलं आणि म्हणाले, इनटेकचं पॅकिंग गेलंय. म्हणजे गॅस्केट. हवा-पेट्रोल आत नेणारा भाग जिथे इंजिनला जोडतो तिथे मध्ये बसणारा पातळ थर. त्याच जोडातून कूलंटही जातं, त्यामुळे तो कुजला की कूलंट निसटतं. काकांनी तो बदलला. दोन आठवडे ठीक गेले आणि मग पातळी पुन्हा खाली. गाडीखाली डबकं नाही, थेंब नाही.

काका सीट उचलून टॉर्चच्या उजेडात बराच वेळ बघत राहिले. "ह्या वेळी पॅकिंग नाय वाटत. एक दिवस गाडी सोड माझ्याकडे. थंड झाली की बघतंय."

"म्हणजे मागच्या वेळी उगाच बदललंत?"

"तेव्हा गेलेलाच होता गो बाय."

"तुम्ही म्हणता म्हणून?"

ते हसले. मला त्या हसण्यात बिल्डरचा माणूस दिसला. सभेत प्रश्न विचारला की तोही असाच हसतो.

आमच्या चाळीच्या दाराशी मंडळाचा फळा आहे. पाणी कधी येणार नाही, कोण गेलं, सभा किती वाजता, सगळं त्यावर. फळ्यावर आलं म्हणजे खरं, असं इथे माणसं धरून चालतात. आणि ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. अक्षर चांगलं म्हणून खडू बहुतेक माझ्याच हातात असतो. त्या संध्याकाळी मी लिहिलं:

गॅस्केटच्या नावाखाली लूट! आपल्याच गल्लीत, आपल्याच माणसांची! गाडीवाल्यांनो, सावध!

नाव नव्हतं. गल्लीत गॅरेज एकच आहे.

आठवड्याभरात तिथली टॅक्सींची रांग दिसेनाशी झाली. काका शटरसमोर स्टूल टाकून पाने पुसत बसायचे. पुसलेलेच पाने. मला बरं वाटलं. हे लिहिताना हात जड होतो, पण वाटलं खरं. पत्रक वाटल्यावर इतक्या लवकर काही बदललेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

 बाबा काकांकडे चहाला जायचे बंद झाले. लाज वाटते म्हणून जात नव्हते, हे मला नंतर कळलं. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "गळतंय कुठून, ते तू पाहिलंस?"

"पाहायचं काय त्यात?"

"नाही, लिहिलंयस म्हणून विचारलं."

तेवढ्याने मी पेटले. ठरवलं, आपणच उघडायचं. काकांचं भिकार काम बाहेर काढायचं, फोटो काढायचा आणि फळ्याशेजारी चिकटवायचा. चार व्हिडिओ पाहिले, परळहून नवीन गॅस्केट आणलं आणि रविवारी सकाळी पटांगणात व्हॅनची सीट उचलली. वरच्या गॅलरीतून एक मावशी ओरडल्या, "काय गं, आज मोर्चा इंजिनावर काय?" मी म्हटलं, "बघाच तुम्ही, काय निघतं ते."

कूलंट बादलीत काढलं. कोणती नळी कुठली ते कळावं म्हणून आमच्या पत्रकांचे तुकडे फाडून चिठ्ठ्या बांधल्या. कार्ब्युरेटर सोडवला, नट ढिले केले. दोन नट असे बसले होते की पाना हातातून सुटून बोटाचं सालटं निघालं. जोड उघडला आणि मी फोटोसाठी फोन धरला.

गॅस्केट नवं होतं. कुठे कुजलेलं नाही, दुमडलेलं नाही. दोन्हीकडचा पृष्ठभाग इतका स्वच्छ खरवडलेला की बोट फिरवलं तर जुन्याचा कण लागेना. मी तरीही फोटो काढला. अंधारात, जरा तिरका, म्हणजे कड फाटल्यासारखी वाटेल. तो फोटो फोनमध्ये अजून आहे. पुसलेला नाही.

नवं गॅस्केट बसवलं, मधून बाहेर अशा क्रमाने नट थोडेथोडे आवळले, कूलंट भरलं, गाडी चालू केली. पंधरा-वीस मिनिटं काही नाही. मग तापलेल्या इंजिनातून कूलंटचा गोडसर वास आला. पाक करपतो तसा. गॅस्केट सगळं नवं, तरी वास. गाडी बंद करून मी हात मागे घातला. मागच्या बाजूने कूलंटची एक रबरी नळी जाते, ती ओली होती. तिच्यातून बारीक फवारा थेट गरम लोखंडावर पडून वाफ होत होता, म्हणून खाली थेंब नव्हता. नळीभोवती तार होती, रबरात रुतलेली.

बॅनर बांधायची तार. आमचीच. भोंग्याची वायर सीटखाली लोंबायला लागली तेव्हा कुणीतरी ती या नळीला करकचून बांधली होती. कुणीतरी कसलं? मी डावरी आहे. पकडीने तार पिळली की माझा पीळ उलटा पडतो, आणि त्यावरून कार्यकर्ते मला चिडवतात. हा पीळ उलटा होता. काकांनी गॅस्केट बदलल्यानंतरच्या रविवारी मी तो घातला होता. एखाद्या दिवशी सगळं कूलंट गेलं असतं आणि गाडीत शाळेची मुलं असती.

मी पहिलं काम काय केलं? तार कापली आणि खिशात घातली. मग गॅलरीकडे पाहिलं. कुणी बघत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत नवी नळी बसवली. बाबांनी विचारलं, "काय निघालं?"

"गॅस्केटच."

बाबांनी मान हलवली. बादलीतलं विषारी कूलंट कुत्र्यांनी चाटू नये म्हणून त्यांनीच ते बाटलीत भरून ठेवलं.

रात्री अंगाला तार टोचत होती असलं काही झालं नाही. मला छान झोप लागली. सोमवारी गाडीचं कूलंट जागच्या जागी होतं, मंगळवारीही. मंगळवारी मी ओल्या फडक्याने फळा पुसला आणि मनात म्हटलं, संपलं.

बुधवारी काकांनी मला गॅरेजसमोर थांबवलं.

"पुसलंस?"

"हो."

"का?"

मी म्हटलं, झालं आता, सोडा ना. ते पाना खाली ठेवून म्हणाले, "लोक काय इचारतत म्हायत आहे? कितीत मिटवलंस. लिवलं होतंस तेव्हा मी फक्त चोर होतंय. आता पैशे देऊन तोंड बंद करणारो चोर."

मी खिशातली तार काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी पीळ बघितला. लहानपणी माझ्या याच डाव्या हाताला पतंगाचा मांजा कापला म्हणून त्यांनी मला दवाखान्यात नेलं होतं. तार परत माझ्या हातात देऊन त्यांनी पाना उचलला.

घरी येऊन मजकूर केला: काही गैरसमजातून मागील सूचना लिहिली गेली होती. वाचला आणि अंगावर काटा आला. 'लिहिली गेली होती.' बिल्डरची पत्रं अशीच असतात. कुणी केलं ते कुठेच नसतं. मी सभेत ती वाचून दाखवते आणि लोक हसतात. तो कागद फाडला आणि आधी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "खडू आहे का घरात?" एवढंच.

दुपारी चारला, माणसं पटांगणात असताना, मी फळ्यावर लिहिलं: व्हॅनच्या नळीला तार मी बांधली. गळती त्यातून होती. गॅस्केट चांगलं बसवलेलं होतं. गॅरेजबद्दल मी खोटं लिहिलं. खाली आमचा खोली नंबर. मागे कुणीतरी मोठ्याने वाचायला लागलं आणि 'खोटं' शब्दाशी थांबलं. गॅलरीतल्या मावशी आत गेल्या. मला वाटलं होतं, लिहिलं की हलकं वाटेल.

काका गल्लीतून आले. बाबा त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, पण चार हात अंतर ठेवून. काकांनी डोळे बारीक करून फळ्याकडे पाहिलं.

"लांबून वाचूक येत नाय," ते म्हणाले. "त्या दिवशी कसल्या मोठ्या अक्षरात लिवलं होतंस."

मी फडकं ओलं करून आणलं. सगळं पुसलं आणि वरच्या कडेपासून पुन्हा लिहायला घेतलं.