कुंकू लावलेली एअरगन

हाताखालून इतक्या फाइली गेल्या, पण दोन हजारच्या दशकातलं ते एअरगनचं प्रकरण माझ्या मनातून गेलं नाही. बंदूक खासगीत विकताना घेणाऱ्याची चौकशी हवी की नको, हा परदेशातला वाद हल्ली पेपरात येतो. आमच्या निवृत्त मंडळींपैकी एकजण हमखास म्हणतो, "ओळखीत कसली चौकशी?" तेव्हा मला ती बाई आठवते.

मी तेव्हा सिंगापूरच्या बुकित बातोक भागात पोलीस तपास अधिकारी होतो. बरे दिवस होते ते. सकाळची पाळी बदलली की माझा चिनी सार्जंट प्लास्टिकच्या पिशवीतली कोपी, म्हणजे तिथली कॉफी, घेऊन यायचा, ती खिडकीच्या कडीला टांगून आम्ही डायरी वाचायचो. त्या दिवशी कोपी तशीच राहिली. एका ब्लॉकमधल्या, म्हणजे तिथल्या बहुमजली इमारतीतल्या, म्हातारीचा फोन आला, की वरच्या मजल्यावर नवऱ्यानं बायकोवर बंदूक झाडली.

छर्रा बाईच्या डाव्या डोळ्याला लागला होता. नजर राहील की जाईल, डॉक्टरांना सांगता येईना. नवरा जागेवरच सापडला, एअरगन जप्त झाली. आमच्याकडे परवान्याशिवाय तीही बेकायदा शस्त्रच. ती आली कुठून, हे मात्र तो सांगेना. दोन दिवस एकच उत्तर, "कचऱ्यात सापडली."

मुद्देमाल तपासताना सार्जंट म्हणाला, "सर, दस्त्यावर रक्त आहे."

मी नखानं खरवडलं. कुंकू होतं. चापाच्या फटीत झेंडूची एक वाळकी पाकळीही अडकली होती. माझी आई खंडेनवमीला माझा पट्टा आणि शिट्टी पाटावर मांडून अशीच पूजा करायची. नुकताच दसरा झाला होता. त्या ब्लॉकमध्ये मराठी घर एकच होतं, त्या नवरा-बायकोच्या खालच्या मजल्यावर.

दार उघडणारा तरुण आंग मो किओ भागातल्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. मी मराठीत बोललो तसा तो खुलला. बायकोनं आल्याचा चहा टाकला. असा चहा आई गेल्यापासून मी प्यायलो नव्हतो, आणि तो पिता पिताच मला विचारावं लागलं, "पूजेत ठेवलेली बंदूक कुठाय?"

त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, ती एअरगन आहे. आमच्याकडे भारतात दुकानात मिळते, लायसन लागत नाही. वडिलांनी बागेतल्या माकडांसाठी घेतली होती. सामानाबरोबर इकडे आली."

"मग?"

"मुलं मोठी होतायत, घरात नको वाटली. वरच्या शेजाऱ्यानं पूजेत पाहिली होती, त्यानं मागितली. विकून टाकली."

"त्याची काय चौकशी केलीत?"

"चौकशी कसली साहेब? तीन वर्षं रोज गुड मॉर्निंग म्हणतो. सभ्य माणूस आहे."

त्या सभ्य माणसाविरुद्ध बायकोच्या तीन तक्रारी आमच्या कपाटात होत्या. तिला हात लावायचा नाही, असा कोर्टाचा आदेशही होता. मला संताप आला, समोरच्या तरुणाचा आणि माझाही. त्या तक्रारींवर सही माझी होती, आणि पुढे काही घडायची वाट बघत मी बसून राहिलो होतो.

मी त्या इंजिनिअरला ताब्यात घेतलं. त्याच्यावरही खटला झाला, तिथे नोकरी करायचा पास गेला, कुटुंब पुण्याला परतलं. त्याच्या बायकोच्या चहाला मी असा जागलो, हे मला आजही बोचतं.

खटल्याआधी एकदा तो इंजिनिअर स्टेशनवर हजेरीला आला असताना वरच्या मजल्यावरची ती बाईही जबाबावर सही करायला आली. डोळ्यावर पट्टी होती. त्या डोळ्याची नजर गेली होती. तो उठून उभा राहिला. हात जोडून इंग्रजीत म्हणाला, "मला खरंच ठाऊक नव्हतं, मॅडम."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आवाज चढवला नाही तिनं.

"आय स्टे अपस्टेअर्स ओन्ली, ला. यू आस्क मी, आय टेल यू."

मी वरच तर राहते, विचारलं असतंत तर सांगितलं असतं, एवढंच ती तिथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणाली. मग ती सही करून निघून गेली.

तो बाकावर बसून रडत होता. मी त्याला पाणी दिलं. पुढे जितकी वर्षं नोकरी केली, तितकी वर्षं कुणाचीही पार्श्वभूमी तपासायची असली, की मी कपाटातली कागदपत्रं नंतर उघडली. आधी त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला एकटीला भेटलो.