काका कुठे उभे राहायचे

कापडाच्या दुकानात कटपीस साठतात, तसे माझ्याकडे सॉफ्टबॉलच्या अंपायरांचे किस्से साठलेत. फेकवत नाहीत. अन्नपूर्णा रोडवरचं माझं दुकान हा आमचा अड्डा. मी, विम्यावाले जोशी आणि आमचे गुरू दिघेकाका, तिघेही अंपायर. काका मिलच्या गेटवर टाइमकीपर. बेसवर पाय आधी आला की चेंडू, हे डोळ्यांपेक्षा उभं राहायच्या जागेवर ठरतं, एवढा एकच त्यांचा मंत्र.

*

जोशींना वाटायचं, जितकं जवळ तितकं साफ. एकदा पहिल्या बेसला असे चिकटले की धावत आलेला गडी त्यांच्यासकट आडवा! धुळीतूनच जोशींनी हात वर केला, "आउट!"

काकांनी विचारलं, "दोघांपैकी कोण?"

*

मलाही काकांचा मंत्र पटत नव्हता. काका म्हणाले, "भिया, गिऱ्हाईक ब्लाउजपीस पिशवीत सरकवतं, ते तुला गल्ल्यावरून दिसतं का?"

नाही दिसत. बाजूच्या स्टुलावरून दिसतं. तेव्हापासून मैदानात मी आधी ते स्टूल शोधतो.

*

काकांच्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं संपली आणि काका फोटोग्राफरला सारून एकदम बाजूला जाऊन उभे. काकू भडकल्या. काकांचं म्हणणं, समोरून कोणाचा हार आधी पडला ते कळत नाही. व्याह्यांनी हसत विचारलं, मग कोणाचा?

"मुलीचा. पण क्लोज होतं."

*

मिलच्या टीमचा कॅप्टन शंकर. मैदानात हरीण, शिफ्टला मात्र रोज लेट. भोंगा थांबला की गेट बंद, असा मिलचा कायदा. तरी शंकरची हजेरी कधी कापली गेली नाही. कशी, ते मिलभर कोणाला उमगलं नाही.

*

मग मिललाच कुलूप लागलं. मिलच्या नावावर एकच मॅच उरली होती, फायनल. नोकरी तर गेलीच, निदान कप तरी घरी न्यायचा म्हणून पोरं पेटलेली. बेसवर अंपायर काका.

शेवटचा डाव. एका रनने मागे, दोन आउट, तिसऱ्या बेसवर गडी. शंकर पहिल्या बेसला पोचला तर बरोबरी, नाहीतर खेळ खलास. शंकरने चेंडू हाणला आणि सुटला. काका चार ढांगांत सरकले, बेसकडे येणाऱ्या चेंडूच्या वाटेच्या बाजूला गेले, थांबले. बघितलं.

"आउट."

शंकर बेसवरच बसला. तिथूनच म्हणाला, "काका, गेटवर तर मी रोज लेट यायचो. तिथे कधी आउट नाही दिलंत."

काकांनी टोपी काढून झटकली.

"तिथे मी पाठ करून उभा राहायचो रे."