साडीवरचा शर्ट

मी नाशिकला कॉलेजला निघाले त्या दिवशी आई कांद्याची लागवड अर्ध्यावर टाकून सायखेड्याच्या स्टँडवर आली. आमच्याकडे रानात जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात, ऊन लागू नये आणि साडी खराब होऊ नये म्हणून. तोंडाला रुमाल गुंडाळतात, नुसते डोळे उघडे. आईने स्टँडच्या अलीकडेच अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तो शर्ट काढून पिशवीत कोंबला, तोंड पुसलं आणि मग माझ्याजवळ आली. त्या शर्टात ती कधी लोकांपुढे उभी राहिली नाही. कुणी फोटो काढायला लागलं तरी आधी शर्ट उतरायचा. "नीट राहा. सुट्टी लागली की लगेच पळत येऊ नको," एवढंच म्हणाली. मला तिचा रागच आला. पोरगी चाललीय, आणि ही म्हणते येऊ नको.

लोक सातासमुद्रापार जातात. मी गेले नाशिकच्या गंगापूर रोडला, एसटीने तास-दीड तास. तरीही लांब गेलेच. 'हाय'चं 'आहे' झालं, 'लय'चं 'खूप'. रूमवरच्या मुली हसायच्या म्हणून आधी शब्द गिळले, मग ते यायचेच बंद झाले. सणाला घरी गेले की चुलती म्हणायची, "आल्या का मॅडम." ना धड इथली, ना धड तिथली. गाव सोडलेल्या तुम्हा सगळ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता मी फोटोग्राफर आहे. लग्नं आणि बारशी यांवर पोट चालतं. उरलेल्या वेळात ट्रायपॉड लावून, टायमरवर, स्वतःचेच फोटो काढते. नटायची हौस म्हणून नाही. आपण नक्की कोण होऊन बसलोय ते मला बघायचं होतं. जीन्समध्ये काढले, साडीत काढले, खोलीतल्या रिकाम्या भिंतीपुढे काढले. प्रत्येकात कुणीतरी पाहुणी उभी आहे असं वाटायचं. मग गेल्या हिवाळ्यात घरी गेले असताना, आई बाजाराला गेल्यावर तो शर्ट साडीवर चढवला, रुमाल गुंडाळला आणि कांद्याच्या वाफ्यात जाऊन उभी राहिले. तो एकच फोटो मला माझा वाटला. शहरातल्या एका छोट्या गॅलरीने तो प्रदर्शनाला मागितला.

आईला विचारल्याशिवाय मला तो लावायचा नव्हता. मी फोन तिच्या हातात दिला, तर ती भडकलीच. "कवा काढला गं माझा फोटो? असल्या अवतारात?"

"आई, ती मी आहे."

तिने फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिली. मग आवाज न चढवता म्हणाली, "हा शर्ट तुझ्या अंगावर येऊ नये म्हणून तर तुला धाडलं."

तुला नको असेल तर नाही लावत, असं कसंबसं म्हटलं. "बघ तुझं तू," म्हणाली आणि भाकरी टाकायला उठली.

फोटो लावला, पण जीव थाऱ्यावर नव्हता. एका फोटोपायी मी तिच्या सगळ्या कष्टांवर पाणी फिरवलं, असं सारखं वाटत होतं. ती येईल अशी आशाच नव्हती. पण आली, अण्णांबरोबर, ठेवणीतली साडी नेसून. सरळ त्या फोटोपुढे जाऊन उभी राहिली. शेजारच्या एका बाईंनी तिला विचारलं, "या कोण हो?"

"मीच हाय ती," आई म्हणाली.

बाईंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि मान डोलावून पुढे गेल्या. बाहेर पायऱ्यांवर मी आईला विचारलं, खोटं कशाला बोललीस?

"तुला कुणी रानातली म्हणायला नको. मला म्हणंनात का. मी हायच."

घर कुठलं असं विचारलं की मी अजूनही सायखेडाच सांगते. पण तिकडे येऊन राहते म्हटलं की आई विषय बदलते. पूर्वी राग यायचा, आता रडू येतं. माझं घर म्हणजे अशी जागा, जिथे मी नसावं म्हणून माझी आई राबते.