विचारून येणाऱ्या बाई

आमच्या गावच्या अंगणवाडीच्या बाई मुलाला वजनकाट्यात बसवण्याआधी त्याची परवानगी घ्यायच्या. समोर उकिडव्या बसायच्या आणि तीन वर्षांच्या पोराला गंभीरपणे विचारायच्या, "तोलू का तुला?" पोर नाही म्हणालं, तर त्या दिवशी त्याचं वजन होत नसे. तालुक्याच्या तपासणीत रकाने रिकामे निघत, बाईंना बोलणी बसत, आणि त्या पदर नीट करत ऐकून घेत. मी तेव्हा त्या गावचा ग्रामसेवक होतो. रिकामा रकाना मला खपत नसे. त्यामुळे बाई मला सुरुवातीला हट्टीच वाटल्या.

गाव गुहागर तालुक्यातलं, हेदवीच्या पलीकडे खाडीकाठी. निम्मी घरं मासेमारीवर जगणारी. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला काही हिस्सा महिला आणि मुलांसाठी खर्च करावा लागतो, तो आम्ही दरवर्षी खुर्च्यांवर करायचो. खुर्चीचा फोटो निघतो, तिच्यावर पंचायतीचं नाव रंगवता येतं, लेखापरीक्षणात कोणी काही विचारत नाही. अंगणवाडीत मुलांपेक्षा खुर्च्या जास्त झाल्या होत्या. त्या वर्षीच्या ग्रामसभेत बाई उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, खुर्च्या पुरे झाल्या. खुर्चीवर बसून पोर बोलाया लागत नाय."

त्या कोणाबद्दल बोलत होत्या हे सगळ्या सभेला ठाऊक होतं. चार वर्षांची एक मुलगी होती. तिचं नाव मी आता कुठेही लिहीत नाही, इथेही नाही. तिचा बाप होडीवर गेला तो परत आला नाही, आणि त्या दिवसापासून तिचं बोलणं बंद झालं. रडणंसुद्धा नाही. अंगणवाडीत यायची, भिंतीला पाठ लावून बसायची, खाऊ दिला तर खायची. देवाला कौल लावून झाला होता, अंगारा झाला होता. आणखीही चार मुलं बाईंच्या नजरेत होती. कोणी झोपेत दचकणारं, कोणी स्वतःचेच केस उपटणारं. रत्नागिरीत अशा लहान मुलांबरोबर काम करणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांना महिन्यातून दोनदा बोलवावं, येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन पंचायतीनं द्यावं, एवढंच बाईंचं मागणं होतं.

सभेत हसणं झालं. एका सदस्यानं विचारलं, की वेड्यांची डॉक्टरीण आणून गावाचं नाव करायचं आहे का. बाई चिडल्या नाहीत. "पोराचां पोट दिसतां, मन नाय दिसत," त्या म्हणाल्या. "दिसत नाय म्हणून ता नाय, असां नाय." हे त्या इतक्या हळू बोलल्या की मागच्यांना पुढच्यांकडून विचारून घ्यावं लागलं. ठराव एका वर्षापुरता झाला. मी तो लिहिला खरा, पण मनात धास्ती होती. या कामात फोटो कशाचा काढायचा?

मॅडम जयगडची खाडी फेरीबोटीनं ओलांडून यायच्या. कापडाच्या बाहुल्या आणि वाळूचा ट्रे घेऊन पाच मुलांबरोबर खेळत बसायच्या. मला तर तो पोरखेळच दिसायचा. चौथ्या महिन्यात, भर दुपारी, बाई पंचायतीच्या दारात आल्या. चालून धाप लागली होती. "पानी मागितलान," एवढंच म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. त्यांनाच पाणी हवं आहे असं वाटून मी तांब्या पुढे केला. त्यांनी मान हलवली, आणि मला कळलं की पाणी त्या मुलीनं मागितलं होतं.

पुढच्याच आठवड्यात मी माझी अक्कल दाखवली. पंचायतीचा पैसा ज्यांच्यावर खर्च होतो, त्यांची यादी फलकावर लावायची आमची पद्धत. शिलाई मशीनची लावतो, घरकुलाची लावतो. तशीच हीही टाइप केली. वर ठळक अक्षरांत 'मानसिक आरोग्य उपक्रम', खाली पाच मुलांची नावं, बापांच्या नावांसकट. फलक एसटीच्या थांब्यासमोर. दुसऱ्या दिवशी जेटीवर कोणीतरी त्या मुलीला 'येडी' म्हणून हाक मारली. मॅडम आल्या तेव्हा एकही मूल आलं नव्हतं.

बाई आल्या, यादी वाचली आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमच्या पोरीचां नाव घाला की वर."

माझी मुलगी त्याच अंगणवाडीत होती. मी गडबडलो. घरी विचारतो, म्हणालो.

"इचारा. मी पन इचारलां होतां. एकेका आईच्या दारात तीन महिने बसून इचारलां होतां."

बायको स्पष्ट नाही म्हणाली. उद्या पोरीच्या लग्नात कोणी हे काढलं तर, असं तिचं म्हणणं. मलाही आतून तेच वाटत होतं, आणि ते वाटल्याची जेवढी लाज मला वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही. सकाळी जाऊन मी स्वतःच्या हातानं यादी काढली आणि बाईंना घरचं उत्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, टोमणा मारला नाही. मग त्यांनीच तोड काढली, की मॅडमपुढे अंगणवाडीतलं प्रत्येक मूल बसेल, म्हणजे कोणी वेगळं पडायचं नाही. ठराव तसा बदलला. माझी मुलगीही बसली. मुलं हळूहळू परत आली, पुढच्या वर्षी पैसे मिळाले, त्याच्या पुढच्या वर्षीही मिळाले.

ती मुलगी मात्र आली नाही. तिची आई तिला घेऊन हर्ण्याला माहेरी गेली होती. माझी बदली देवरूखकडे झाली तेव्हा मी बाईंकडे गेलो आणि झाल्या गोष्टीची माफी मागितली. "माज्याकडं कशाला मागताव?" त्या शांतपणे म्हणाल्या. "हर्ण्याला गाडी जाते."

मी गेलो नाही. कधी वसुली, कधी निवडणूक. कारणं माझ्याकडे कायम तयार असतात.

यंदा अंगणवाडीच्या मदतनीस ताईंचा फोन आला की बाई गेल्या, ताप अंगावर काढला. त्या रविवारी मी हर्ण्याची गाडी धरली. मुलीची आई अंगणात सुकी मासळी निवडत होती. मी कोण ते सांगितलं, ती यादी मीच लावली होती तेही सांगितलं. ती मासळी निवडत राहिली. मग बाई गेल्याचं सांगितलं, तेव्हा तिचे हात थांबले.

तिच्याकडून कळलं ते असं. बाई गेली चार वर्षं महिन्यातून दोनदा, धोपाव्याला फेरीबोट पकडून, दोन गाड्या बदलून तिथे येत होत्या. स्वतःच्या मानधनातून. मॅडम गावात मुलांबरोबर जे करायच्या ते बाई नीट बघून ठेवायच्या, मॅडमनाच विचारून घ्यायच्या, आणि इथे अंगणात तसंच करायच्या. मागचे दोन रविवार आल्या नाहीत म्हणून मुलगी थांब्यावर जाऊन बसली होती.

मुलगी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. आता आठ वर्षांची. ती पुढे आली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "आता कोन येनार?"